आभासी मांजर घेणाराही ग्राहकच

संगणकातल्या जगात कुणी मांजर विकत घेतली, तिला खाऊ घातलं, तिची पिल्लं विकली, तर आपल्या सरकारला तो माणूस दोनच प्रकारे दिसतो. चार पैसे मिळाले तर करदाता म्हणून, आणि पैसे लावून नशीब आजमावतोय असा संशय आला तर जुगाराच्या नादी लागलेला म्हणून. पैसे मोजून वस्तू घेतलेला साधा ग्राहक म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझ्या मते चूक इथे होते आहे. ही माणसं सगळ्यात आधी ग्राहक आहेत आणि ग्राहकाचं संरक्षण त्यांना मिळालं पाहिजे. हा बाजार आपल्याकडे अजून लहान आहे, तोवरच हे करणं सोपं आहे.

मी पुण्यात कर सल्लागार आहे. पूर्वी विवरणपत्र भरायला येणाऱ्यांच्या पिशवीत फॉर्म सोळा, एफडीच्या व्याजाचं प्रमाणपत्र आणि विम्याच्या पावत्या असायच्या. आता हिंजवडी-खराडीची मुलं तर सोडाच, कोथरूड-सहकारनगरातली निवृत्त मंडळीही मोबाइल पुढे करून असे व्यवहार दाखवतात, की ते कुठल्या रकान्यात बसवायचे यावरच बराच वेळ जातो. या लोकांना हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या बाजूने लिहितो आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'सेकंड लाइफ' हे सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेलं आभासी जग. तिथे जिंकायचं-हरायचं असं काही नसतं. माणसं आपलं रूप ठरवतात, जागा भाड्याने घेतात, घर बांधतात, दुकान थाटतात. चलन लिंडेन डॉलर, अमेरिकेच्या एका डॉलरला साधारण अडीचशे. हे लिंडेन विकून खरे डॉलर काढून घेता येतात. तिथल्या बाजारातला एक मुरलेला धंदा म्हणजे पैदाशीची जनावरं: ससे, घोडे, मांजरी. नर-मादी एकत्र ठेवली की पिल्लू होतं आणि त्याच्यात आईबापाचे गुण उतरतात. डोळ्यांचा रंग, अंगावरचे पट्टे, शेपटीची ठेवण, कानाची घडी. काही गुण वरचढ असतात, काही दबून राहतात आणि दोन पिढ्यांनी अचानक वर येतात. दुर्मीळ गुणांचं पिल्लू लिलावात चढ्या भावाने जातं. मांजर जगवायची तर तिला खाद्य लागतं, आणि ते जिने मांजर बनवली त्या कंपनीकडूनच घ्यावं लागतं. सगळा प्रश्न या खाद्यापाशी सुरू होतो.

माझ्याकडे येणाऱ्या एक काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बाहेर पडणं कमी झालं आणि भाचीने दाखवलेल्या या जगात त्या रमल्या. त्यांनी मला हिशेबासाठी त्यांची वही दिली. दोनशे पानी, उभ्या रेघा मारून रकाने पाडलेली. नाव, आई, बाप, डोळे, कान, शेपूट, अंग, आणि शेवटचा रकाना 'आहे पण दिसत नाही'. या शेवटच्या रकान्यात त्या नातवंडांवरून आजीच्या दबलेल्या गुणांचा अंदाज बांधतात आणि तो पेन्सिलीने लिहितात. पुढच्या विणीत अंदाज खरा ठरला की त्यावर निळं पेन फिरतं, चुकला की खोडरबर. काही ओळी इतक्या वेळा खोडल्या आहेत की कागद विरळ झालाय. त्यांची एक मांजर ब्राझीलच्या बाईने घेतली, एक पोलंडला गेली. खाद्य आणि जागेचं भाडं वजा जाता वर्षाकाठी उरलं ते किरकोळच. पण ज्या काळजीने ही वही ठेवलेली आहे, ती पाहिल्यावर याला पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मध्यंतरी त्यांच्या मांजरी बनवणाऱ्या कंपनीने नवी जात आणली आणि जुन्या गुणांचे भाव कोसळले. मला वाटलं, काकूंची तक्रार त्याबद्दल असेल. तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अहो, बाजार म्हटला की नवा माल येणारच. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या यांनी दुकान गुंडाळलं तर माझी मांजरं उपाशी राहणार का, एवढंच मी विचारलं होतं. त्याचं उत्तर मिळत नाही." उत्तर म्हणून आलं होतं ते अटी-शर्तींच्या पानाकडे बोट दाखवणारं दोन ओळींचं पत्र.

काकूंची भीती हवेतली नाही. याच सेकंड लाइफमध्ये 'ओझिमल्स' नावाचे ससे एके काळी फार लोकप्रिय होते. 2017 च्या मे महिन्यात, कायदेशीर नोटीस आल्यानंतर, त्यांच्या निर्मात्यांनी काम थांबवलं आणि सर्व्हर बंद केले. सशाने खाल्लेला प्रत्येक घास त्या सर्व्हरवर नोंदवला जायचा. सर्व्हर गेला तसं खाणं थांबलं. सेकंड लाइफ चालू होतं, लोकांच्या घरात विकत घेतलेलं खाद्य पडून होतं, आणि ससे उपासमारीने कायमच्या निद्रेत गेले. ज्यांच्या मालकांनी आधीच जादा खर्च करून त्यांना अक्षय करून घेतलं होतं, तेवढे ससे वाचले.

त्याआधी 2010 मध्ये याच सशांची कंपनी आणि घोडे बनवणारी एक कंपनी यांचं कॉपीराइटवरून भांडण कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात गेलं होतं. घोडे बाजारातून काढायला लावू नयेत म्हणून घोडेवाल्यांनी तात्पुरता मनाई आदेश मिळवला. दोन्ही बाजूंना वकील होते. ज्यांनी पैसे देऊन घोडे आणि ससे घेतले होते, त्यांची बाजू त्या खटल्यात कुणाचीच नव्हती. पुढे काय होणार याची खूण तेव्हाच दिसली होती.

या जागी कुणी तामागोचीची आठवण काढेल. 1996 मध्ये बांडाय कंपनीने आणलेलं ते अंड्याएवढं जपानी खेळणं. तेही भुकेजायचं, मरायचं. पण त्याचं सगळं आयुष्य तुमच्या हातातल्या डबीत होतं. आज ड्रॉवरमधून काढून नवी बॅटरी घातली तर ते पुन्हा पिल्लू म्हणून जन्माला येईल, बांडायची परवानगी न घेता. आताच्या आभासी मांजरीचा जीव दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असतो आणि किल्लीबद्दल खरेदीच्या वेळी कुणी बोलत नाही.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदींची सामायिक वही. ती चालवणाऱ्यांनी यावर तोड काढल्याचा दावा केला. 2017 च्या नोव्हेंबरात 'क्रिप्टोकिटीज' आल्या. मांजर तुमच्या नावावर, नोंद इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनच्या वहीत, कुणी पुसू शकणार नाही, असं सांगितलं गेलं. पुढच्याच महिन्यात या मांजरींच्या व्यवहारांनी इथेरियमचं जाळं तुंबलं. 2018 च्या सप्टेंबरात 'ड्रॅगन' नावाची एक मांजर 600 इथरला (इथर म्हणजे इथेरियमचं चलन) विकली गेली, तेव्हाच्या भावाने सुमारे 1,70,000 डॉलर. नंतर बाजार बसला आणि बहुतेक मांजरींना कवडीमोल भाव आला. पण भाव पडण्यापेक्षा मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. मांजरीची जनुकं ब्लॉकचेनवर होती, तिचं चित्र मात्र कंपनीच्या सर्व्हरवरून येत होतं. आणि दोन मांजरींपासून कसं पिल्लू होईल हे ठरवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ कोड कंपनीने उघड केलेला नव्हता. म्हणजे मालकी तुमची, पण मांजर कशी दिसते आणि कशी विते, हे दोन्ही कंपनीच्या हाती.

मी इथे एक रेघ ओढतो. मांजरीचा भाव वर जाईल की खाली, ही जोखीम घेणाऱ्याची. ज्याने 600 इथर मोजले त्याला सरकारने भरपाई द्यावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण मांजर उद्या असेल की नसेल, ही जोखीम विकणाऱ्याची आहे. ती गुपचूप ग्राहकाच्या गळ्यात मारणं हा अन्याय आहे, मग रक्कम पाचशे रुपये असो की पाच लाख.

आता आपला कायदा काय करतो ते पाहा. 2022 च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेवरच्या नफ्याला 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर लावला आणि 1 जुलैपासून 1 टक्का टीडीएस. व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. क्रिप्टोग्राफीने, म्हणजे सांकेतिक गणिताने, 'किंवा अन्य प्रकारे' तयार झालेली, मूल्य दाखवणारी कुठलीही माहिती, कोड, संख्या वा टोकन. गिफ्ट कार्डं, विमान प्रवासाचे पॉइंट, वेबसाइटची वर्गणी हे नंतर अधिसूचनेने वगळलं. क्रिप्टोकिटी या व्याख्येत निःसंशय बसते. काकूंची मांजर बसते का, यावर माझ्या दोन सहकाऱ्यांची दोन मतं आहेत. बसते असं धरलं तर परिणाम विचित्र होतो. या कलमाखाली खरेदीची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा करता येत नाही. खाद्य नाही, जागेचं भाडं नाही. एका मांजरीत झालेला तोटा दुसरीच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. आणि सर्व्हर बंद पडून सगळीच मांजरं गेली, तर विक्रीच झालेली नसल्यामुळे तोटा मांडायलाही जागा नाही. मालमत्ता म्हणून तिच्यावर कर घेणाऱ्या व्यवस्थेने ती मालमत्ता नाहीशी होते तेव्हा पाठ फिरवू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा कायदा 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंगचा. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी आणली. रमी आणि फँटसी क्रिकेटपायी घरं कशी बसतात हे मी हिशेबाच्या कागदांवर पाहिलेलं आहे, त्यामुळे या कायद्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यात पैशाच्या जोडीने क्रेडिट, नाणी, टोकन, वस्तू, खऱ्या वा आभासी, हे सगळं पणाला लावलेली रक्कम म्हणून धरता येतं. दुर्मीळ पिल्लाच्या आशेने दोन मांजरी एकत्र ठेवणं या जाळ्यात ओढायला उत्साही अधिकाऱ्याला फार कष्ट पडणार नाहीत. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही हे खरं. पण बँकांना अशा खेळांचे पैसे पुढे पाठवायला मनाई आहे. पैसे पोचले नाहीत तर खाद्य नाही, आणि खाद्य नाही तर काकूंच्या वहीतल्या सगळ्या पिढ्या संपल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं होतं.

मग ग्राहक कायदा? तिथे पाया चांगला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-कॉमर्समध्ये डिजिटल वस्तू स्पष्ट शब्दांत घेतल्या. 2020 चे नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल वा सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू होतात. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं बंधन आहे. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण आभासी मांजर घेऊन तिथे गेलात की दोन खड्डे लागतात. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारासाठी माल घेणारा हा ग्राहकच नव्हे, असं कायदा म्हणतो. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर सूट. काकूंचं पोट पेन्शनवर भरतं. त्या पिल्लं विकतात ती हौस भागवण्यासाठी आणि खाद्याचा खर्च सुटावा म्हणून. म्हणजे धड व्यापारी नाहीत, धड पोटार्थी नाहीत, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला 'या ग्राहक नाहीत' म्हणून उभा राहणार.

दुसरा खड्डा कराराचा. एकतर्फी, ग्राहकाला नागवणारा करार 'अन्याय्य' म्हणून रद्द करून घेण्याची सोय 2019 च्या कायद्याने पहिल्यांदाच दिली आणि ती मोलाची आहे. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. काही हजारांच्या मांजरींसाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाईल? संसदेने या तक्रारी जिल्ह्याला द्यायला हव्यात. अटी-शर्ती 'मान्य' केल्या म्हणजे सगळं संपलं, असं जगातही कुणी मानत नाही. सेकंड लाइफमधली जमीन आणि खातं कंपनीने काढून घेतल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या एका वकिलाने 2006 मध्ये लिंडेन लॅबवर दावा लावला. वाद सॅन फ्रान्सिस्कोत लवादापुढेच चालेल, ही अट फेडरल कोर्टाने 2007 मध्ये अन्याय्य ठरवली. पुढे तडजोड झाली.

"हौसेचा मामला आहे, कायद्याला कशाला त्रास?" असं मला चांगली शिकलेली माणसं विचारतात. लक्ष्मी रोडवर घेतलेल्या पैठणीचा पहिल्याच धुण्यात रंग गेला, तर तीही हौसच होती म्हणून आपण गप्प बसतो का? हौसेवर खर्च केलेला पैसा हा कष्टाचाच पैसा असतो. आणखी एक सल्ला हमखास मिळतो, खरी मांजर पाळा. काकूंच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर दोन मांजरी आहेत आणि त्यांना दूध काकूच घालतात. एकीवरचं प्रेम दुसरीच्या आड येत नाही. वाकता येत नाही, दवाखान्यात नेता येत नाही, म्हणून घरात नवं जनावर आणायचं नाही हा त्यांचा निर्णय समंजसपणाचा आहे आणि त्यावर बाकीच्यांनी बोलू नये.

यावर उपाय काय, तर बराचसा तयार आहे. जनावराला खाद्याशिवाय कायमचं जिवंत ठेवण्याची सोय हे निर्माते आजही विकतात, जादा पैसे घेऊन. म्हणजे ते तंत्राने शक्य आहे, उद्या शोध लावायचा नाही. मग दुकान बंद करताना ही सोय विकलेल्या प्रत्येक जनावराला फुकट द्यावी आणि बंदची सूचना किमान सहा महिने आधी द्यावी, एवढा नियम करायला काय हरकत आहे? युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम असंच काहीसं मागते: सेवा बंद झाली तरी विकलेला गेम चालू राहिला पाहिजे. युबिसॉफ्टने 2024 मध्ये 'द क्रू' हा गेम बंद केला आणि विकत घेतलेल्या प्रतीही निकामी झाल्या, तेव्हा ती उभी राहिली. 2025 च्या जुलैपर्यंत तिच्या मागे दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या होत्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून डिजिटल वस्तू विकणाऱ्याला ग्राहकाला आधीच सांगावं लागतं, की त्याला मिळतोय तो फक्त वापराचा परवाना.

पैसे घेऊन कंपनी पळाली किंवा बुडाली तर? जपानने याचं उत्तर दिलेलं आहे. तिथे गेममध्ये आगाऊ घेतलेल्या नाण्यांची न वापरलेली शिल्लक एक कोटी येनच्या वर गेली, की तिच्यातली निम्मी रक्कम कंपनीला अनामत ठेवावी लागते आणि सेवा बंद करताना शिल्लक परत करावी लागते. आपल्याकडे एकाच दुकानात चालणारी अशी प्रीपेड शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेबाहेर आहे. ती आत आणावी. कमीत कमी मोठ्या कंपन्यांसाठी तरी.

आणि पैदाशीतल्या शक्यता उघड कराव्यात. दक्षिण कोरियाने 22 मार्च 2024 पासून गेममधल्या नशिबावर चालणाऱ्या वस्तूंची शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं. अमुक दोन मांजरींपासून अमुक डोळ्यांचं पिल्लू होण्याची शक्यता शंभरात किती, हे कंपनीला ठाऊक असतं. ते पाटीवर लिहिलं, की जुगाराचा आरोपही बराचसा गळून पडतो. पेन्सिलीने अंदाज बांधण्याचा आनंद कमी होईल, असं काकू म्हणाल्या. त्यांच्यापुरतं ते खरं असेल. पण त्याच बाजारात एखादं पंधरा वर्षांचं पोरही वडिलांच्या कार्डावर मांजरी घेत असेल, आणि त्याला आकडा कळणं मला जास्त गरजेचं वाटतं.

ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात सुरू केली. भेसळ आणि वजनमापातली लबाडी हे तेव्हाचे प्रश्न होते आणि तेही पुष्कळांना क्षुल्लक वाटत होते. आज पुण्यात इतकी तरुण मुलं गेम आणि सॉफ्टवेअर बनवतात, की सर्व्हर बंद करताना काय शक्य आहे आणि काय नाही हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ आणायची गरज नाही. पंचायतीचे कार्यकर्ते आणि ही मुलं एकत्र बसली, तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाला पाठवण्याजोगा नियमांचा मसुदा तयार होऊ शकतो. मी माझ्याकडून कराचा भाग लिहून द्यायला तयार आहे. मांजर नाहीशी झाली की तिची खरेदी किंमत तोटा म्हणून धरावी आणि खाद्याचा खर्च वजा मिळावा, हे दोन मुद्दे त्यात असतील.

तोवर ज्यांच्याकडे अशी जनावरं आहेत त्यांनी खरेदीच्या दिवशीच्या अटी-शर्तींचं पान तारखेसह जतन करून ठेवावं, कारण कंपन्या ते पान बदलतात. खाद्याच्या पावत्या, कार्डाची विवरणं, पैदाशीच्या नोंदी एका जागी असू द्याव्यात. हातात ज्या आभासी चलनाची शिल्लक वापराविना पडली आहे, ती लवकर खर्चून टाकावी किंवा काढून घ्यावी. कंपनी उत्तर देत नसेल तर लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी आणि मग ई-जागृती पोर्टलवरून आयोगाकडे जावं. त्यासाठी वकील लागतोच असं नाही. काकूंनी तक्रार लिहिली आहे. कंपनीला दिलेली मुदत अजून संपायची आहे.